समजा, एक घर आहे

रविवारी दुपारी जेवणं उरकत आली आणि टेबलावर दोन कागद आले. दोन्ही हरकतीचे, दोन्ही एकाच घराबद्दल, आणि दोन्हींवर सही एकाच माणसाची हवी होती. फरक एवढाच की पहिल्यात लिहिलं होतं, आमचं घर जुन्या घरांच्या नकाशातून काढून टाका. दुसऱ्यात लिहिलं होतं, आमच्या घराला दिलेली जागा फार खालची आहे, वरची द्या.

पहिला कागद थोरल्या मुलाचा होता, दुसरा आत्याचा.

सही करायची होती बाबांना. ते खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे या घरात कुणाचाही चष्मा कधी खराब नसे. पण काही बोलायचं नसलं की बाबा चष्मा पुसत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पुसून पुसून काचेला भोक पडेल, बाळ्या," आत्या म्हणाली. ती बाबांहून मोठी. जन्मभर नर्स होती, शेवटी शेवटी मेट्रन. अजूनही कुणाच्या खोलीत शिरली की आधी पडदे सरकवायची. "सही कर आणि मोकळा हो."

"कुठल्या कागदावर?" थोरल्याने विचारलं.

"माझ्या."

"का? घरात राहतात ते. जिना चढतात ते. गुडघे त्यांचे."

"आणि जन्मले मी. याच घरात, मागच्या खोलीत. तुझा बापसुद्धा तिथेच जन्मला, मी दाराबाहेर उभी होते. अशा घराला तुमचा तो नकाशा काय म्हणतो? काय लिहिलंय रे?"

धाकट्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "'स्वतंत्रपणे विशेष नाही. ओळीचा भाग म्हणून महत्त्वाचं.'"

"माझ्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी हेच असायचं," थोरला म्हणाला.

बाबांना हसू आलं. ते त्यांनी चष्म्याआड लपवलं.

गेलं वर्षभर नगररचना खात्याची माणसं गल्लोगल्ली फिरत होती. घर किती जुनं, मजले किती, खिडक्या मूळच्या की बदललेल्या, छप्पर कसं, दारापुढच्या पायऱ्या कशा, हे सगळं रस्त्यावर उभं राहून त्यांनी टिपून घेतलं. त्यावरून वस्तीचा नकाशा केला. काही घरं गडद रंगाची, ती एकेकटी मोलाची. काही फिक्या रंगाची, ती शेजाऱ्यांमुळे मोलाची. बाकीची कोरी. उंच इमारती कुठे येऊ द्यायच्या, रस्ता कुठे रुंद करायचा, गाड्या कुठे उभ्या करायच्या, हे आता या नकाशावरून ठरणार होतं. नकाशा वाचनालयाच्या हॉलमध्ये लावला होता. कुणाची हरकत असेल तर ती उद्यापर्यंत द्यायची होती.

त्यांची गल्ली फिक्या रंगात होती. एका बाजूला नऊ घरं, एकाला एक चिकटून, सगळी दुमजली, सगळ्यांच्या दारापुढे तीन पायऱ्या. त्यांचं घर बरोबर मधलं.

हा सर्वे करणाऱ्यांत या घरातलीच एक बाई होती, ही खरी गंमत. धाकट्याची बायको. घरात तिला धाकटी म्हणत आणि थोरला सर्वेबाई म्हणे. घरच्या घराचा सर्वे करायचा नाही, त्याबद्दल कुणाला सल्लाही द्यायचा नाही, असा तिच्या खात्याचा नियम होता. आपली गल्ली आली तेव्हा तिने दुसऱ्याला पुढे केलं आणि स्वतः नदीपलीकडच्या वस्तीत गेली. घरी हा विषय निघाला की ती तोंडात मिठाची गुळणी धरे आणि ताटं उचलून स्वयंपाकघरात जाई. गेल्या महिन्याभरात या घरातली ताटं जितकी लख्ख घासली गेली तितकी आधी कधीच गेली नव्हती.

आताही ती उठलीच.

"बसा सर्वेबाई," थोरला म्हणाला. "ताटं अजून भरलेली आहेत. तुमच्या नवऱ्याने आज पुन्हा दोनशे माणसांचं सूप केलंय."

धाकटा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होता. घरी त्याला कमी करताच येत नसे. "उरलं तर उद्या," तो म्हणाला. "आणि दादा, तिला छेडू नकोस. नियम म्हणजे नियम."

"मी कुठे छेडतोय? मी बाबांच्या गुडघ्यांबद्दल बोलतोय." थोरला बाबांकडे वळला. त्याचा आवाज जरा खाली आला. "बाबा, तुम्ही चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात. अख्ख्या शहराला वर नेलंत आणि खाली आणलंत. तुम्हीच एकटे जिना चढताय. आई होती तेव्हा ती वरून दोरीने टोपली सोडायची. आता? नकाशातून नाव निघालं की घर पाडून चार मजले बांधता येतील. तळमजला तुमचा, एक धाकट्याचा, एक माझा, एक आत्याचा. आणि लिफ्ट."

"माझं मला घर आहे," आत्या म्हणाली. "मला मजला नको. मला ही भिंत हवी."

"भिंतीला काय करायचंय?"

"टेकून बसायचंय."

बाबा ऐकत होते. थोरला खोटं बोलत नव्हता, हे त्यांना कळत होतं. त्याला मजला हवा होता, पण बापाचे गुडघेही त्याला खरोखरच दिसत होते. आत्याही खोटं बोलत नव्हती. दोघंही मधूनमधून 'आईला हे आवडलं असतं' असं म्हणत आणि दोघांचं ऐकून बाबा मनात म्हणत, काय सांगता!

मुलांची आई मागच्या थंडीत गेली. या घरात ती पस्तीस वर्षं राहिली आणि पस्तीस वर्षं तिने घराला नावं ठेवली. जिना अंधारा, मोरी अरुंद, आणि स्वयंपाकघराची मागची भिंत तर तिच्या डोळ्यांत खुपायची. त्या भिंतीपलीकडे परसातला चिंचोळा तुकडा, त्यापुढे शाळेचं मैदान. मैदानावर मुलांचा गोंगाट चाले आणि हिला दिसायची नुसती भिंत. "मला इथे खिडकी हवी," ती म्हणायची. आणि नुसतं म्हणून थांबायची नाही. समोरच्या टेलरबाईकडून कापडावर खुणा करायचा खडू आणून तिने भिंतीवर खिडकी काढली होती.

बाबा छिन्नी-हातोडा घेऊन तयार असायचे. पण खिडकी ठरायचीच नाही. "थांबा हो, वीतभर डावीकडे घेऊ." मग डावीकडे. "आता फारच मोठी वाटते." मग लहान. भिंतीला रंग दिला की जुनी खिडकी जायची आणि ती दुसऱ्या दिवशी नवी काढायची. कधी पांढऱ्या खडूने, कधी निळ्या. अख्ख्या गल्लीला ही खिडकी माहीत होती. दारावरून जाणारा-येणारा विचारायचा, "ठरली का?" आणि ती म्हणायची, "ठरेल."

आता भिंतीवर दोन खिडक्या होत्या, एकात एक. पांढरी आणि तिच्या आत जरा खाली सरकलेली निळी. ती गेल्यापासून त्या भिंतीला कुणी ओलं फडकंही लावलं नव्हतं. धाकटी ताटं घासताना पाणी उडू नये म्हणून अंग चोरून उभी राहायची, हे बाबांनी पाहिलं होतं.

थोरल्याच्या कागदावर सही केली तर भिंत पडणार, खडूसकट. आत्याच्या कागदावर केली तर भिंत राहणार, पण मग तिला कधीच भोक पाडता येणार नाही. गडद रंगाच्या घरात खिळा मारायलाही परवानगी लागते, असं वाचनालयात कुणीतरी म्हणालं होतं. आणि काहीच केलं नाही तर? फिक्या रंगाचं काय होतं, ते कुणालाच धड माहीत नव्हतं. सगळ्यांनी रंग पाहिला, शेरा वाचला, अपमान झाला असं मानलं आणि घरी येऊन कागद लिहायला बसले.

"बाबा, बोला ना काहीतरी," धाकटा म्हणाला.

"मला एक विचारायचं होतं," बाबा म्हणाले. "पण विचारायचं कुणाला? जिला विचारायचं ती बोलणार नाही."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती ताट हातात धरून दारात उभी. "बाबा, खरंच नाही सांगता येत हो. आपल्या घराबद्दल नाही."

आत्याने खुर्ची पुढे ओढली. "आमच्या दवाखान्यात बायका यायच्या," ती म्हणाली. "लाजायच्या. म्हणायच्या, सिस्टर, माझ्या एका मैत्रिणीला असं असं होतंय. मी त्या मैत्रिणीला तपासायचे, औषध द्यायचे, मैत्रीण बरी व्हायची. सूनबाई, ताट ठेव आणि बस. समजा, एक घर आहे."

"कुठे?" धाकटीने सावधपणे विचारलं.

"नदीपलीकडे."

धाकटीने क्षणभर विचार केला आणि ताट खाली ठेवलं. "नदीपलीकडच्या घराबद्दल कुणी नियम विचारले तर सांगावेच लागतात. ते माझं कामच आहे."

"झालं तर! नदीपलीकडे एक घर आहे. नऊ घरांच्या ओळीत मधलं. रंग फिका. त्यात एक म्हातारा राहतो."

"वयस्कर म्हण," बाबा म्हणाले.

"तू गप्प बस. तू नदीच्या अलीकडे आहेस. तर तो म्हातारा. हट्टी आहे. विचारलं की चष्मा पुसतो."

"गुडघे गेलेत त्याचे," थोरल्याने भर घातली. "आणि त्याचा मोठा मुलगा फार चांगला आहे. त्याला घर पाडून चार मजले बांधायचेत. त्याने नाव काढून घेतलं तर काय होईल?"

"त्या एका घराचं नाव निघेल की नाही, ते समिती ठरवते," धाकटी म्हणाली. आता ती ऑफिसातल्यासारखी बोलत होती, हात टेबलावर ठेवून. "पण ओळ म्हणून नोंद असेल तर ओळ सलग लागते. मधलं घर गेलं तर चार इकडे आणि चार तिकडे उरतात. त्यांना ओळ म्हणत नाहीत. मग सगळीच कोरी होतात."

"होऊ देत. ज्याला त्याला मोकळीक."

"मोकळीक रस्त्यालाही मिळते, दादा. ओळ नसेल तर गल्ली रुंद करायच्या यादीत जाते. रुंद करायची म्हणजे घराला हात लावत नाहीत, पण दारापुढचं घेतात."

"दारापुढचं म्हणजे?"

"पायऱ्या," धाकटी म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर या वेळी कोण बसलं असेल ते सगळ्यांना न बघता माहीत होतं. टेलरबाई बसली असेल, मांडीवर कुणाचा तरी झगा घेऊन काज करत. तिच्या शेजारची जागा रिकामी असेल. आई बसायची ती जागा. अजून कुणी तिथे बसत नव्हतं.

थोरल्याने आपला कागद उगाच सरळ केला. "पायऱ्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"नदीपलीकडच्या," धाकट्याने आठवण करून दिली.

"हो, हो. नदीपलीकडच्या."

आत्याने संधी साधली. "म्हणून म्हणते, घर गडद करून घ्या. समजा, त्या घरातली एक बाई तिथेच जन्मलेली आहे. हुशार बाई. ती म्हणते वरचा दर्जा द्या."

"दर्जा नाही हो तो, आत्याबाई," धाकटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला हसू आवरेना. "सगळे तेच समजतात. वाचनालयात एक गृहस्थ माझ्याशी भांडले, शेजाऱ्याला गडद आणि मला फिका का म्हणून. पहिला नंबर, दुसरा नंबर असं नाहीये ते. एखादा माणूस एकटा गातो, एखादा चार जणांत गातो. चार जणांतल्याला वाईट आवाज असतो असं थोडंच आहे? शिवाय गडद घराचं आतलं-बाहेरचं सगळं विचारून करावं लागतं."

"आणि फिक्याचं?" बाबांनी विचारलं.

त्यांचा आवाज असा आला की सगळे त्यांच्याकडे वळले. चष्मा डोळ्यांवर होता.

"बाबा, तुम्ही नदीच्या..."

"मी नदी ओलांडली," बाबा म्हणाले. "समजा, त्या घराला मागची एक भिंत आहे. स्वयंपाकघराची. रस्त्यावरून दिसत नाही. तिला खिडकी पाडायची असली तर कुणाला विचारावं लागेल?"

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. ती काय उत्तर देणार हे तिला ठाऊक होतं. ते उत्तर महिनाभर तिच्या पोटात होतं आणि रोज ताटं घासताना ती त्या भिंतीसमोर उभी राहत होती, हे बाबांना त्या क्षणी कळलं.

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "सर्वे रस्त्यावरून करतात, बाबा. जे रस्त्यावरून दिसतं तेच फिक्या रंगाच्या घरात जपायचं. दर्शनी भाग, उंची, छप्पर, पायऱ्या. मागची बाजू घरमालकाची. इंजिनिअरकडून भिंत तपासून घ्यायची आणि खिडकी पाडायची."

"म्हणजे त्याने काहीच करायला नको? हरकत नाही, काही नाही?"

"काही नाही. नुसतं असू द्यायचं."

आत्या म्हणाली, "अगं, मग हे महिन्यापूर्वी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही महिन्यापूर्वी नदी ओलांडली नाहीत ना," धाकटी म्हणाली.

धाकटा इतका हसला की सूप सांडलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, सांडायला निमित्तच लागायचं नाही. आत्याने आपला कागद उचलला, घडी केली, आणखी एक घडी केली, खाली वाकली आणि तो त्या पायाखाली सरकवला. टेबल थोडं हललंच. तिने थोरल्यापुढे हात केला.

"आत्या, माझं अजून ठरलेलं नाही."

"चष्मेवाल्या, तुला तिचं बसणं आठवतं का? पायरीवरचं?"

थोरल्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. लहानपणी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडापासूनच त्याला ती दिसायची, हे त्याला आठवत असणार. त्याला तेव्हा चष्मा नव्हता आणि लांबचं काही दिसत नसे. पण तो ठिपका आई आहे हे त्याला कळे. हे त्यानेच एकदा बाबांना सांगितलं होतं. त्याने कागद दिला. टेबल स्थिर झालं.

"पण गुडघ्यांचं काय?" तो म्हणाला. "ते तर नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत."

"परसात लिफ्टचा लहान डबा बसतो का, ते बघू," बाबा म्हणाले. "मागूनच आहे. दिसायची नाही. पण ते मी बघणार. त्यात तुम्ही कुणी बोलायचं नाही, ते माझं खातं."

"आपल्याच घराची लिफ्ट?" थोरला म्हणाला. "नियमात बसतं का ते, सर्वेबाई?"

"ते नदीच्या अलीकडचं आहे. मी बोलत नाही," असं म्हणून धाकटीने ताट उचललं.

बाबा उठले. गुडघा नेहमीसारखा कुरकुरला. फडताळाच्या खालच्या खणातून त्यांनी छिन्नी आणि हातोडा काढला. दोन्हींना तेल लावलेलं होतं. ती गेल्यावरही त्यांनी तेल लावायचं थांबवलं नव्हतं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सगळे त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीसमोर दाटीवाटीने उभे राहिले.

"बाबा, आधी वरच्या आधाराचं बघायला हवं. विटा निखळल्या तर?" थोरला म्हणाला.

"विटा नाही काढत. नुसता गिलावा काढतो. आत काय आहे ते तरी कळू दे इंजिनिअरला."

"पांढऱ्या रेघेवर की निळ्या?" धाकट्याने विचारलं. "निळी फार खाली आहे. उभं राहिलं तर मैदान दिसायचंच नाही, नुसतं परस दिसेल. आईचं माप चुकलं वाटतं."

"पांढरीच बरी," आत्या म्हणाली. "हवा येईल."

"मलाही पांढरी वाटते," थोरला म्हणाला. इतक्या दिवसांत आत्याचं आणि त्याचं पहिल्यांदाच पटलं.

बाबा भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली तिची बुटकी खुर्ची ओढली आणि भिंतीसमोर ठेवली. तिचे पाय दुखायला लागले तेव्हापासून ती भाजी याच खुर्चीवर बसून निवडायची. निळी रेघ त्यानंतरची. बाबा जपून त्या खुर्चीत बसले, गुडघे वर आले, आणि डोळ्यांसमोर निळ्या चौकटीचा बरोबर मध्य आला.

धाकटीने ओले हात पदराला पुसले, हात पुढे करून खुर्चीची पाठ धरली आणि बाबांना उठवलं. नंतर सवयीप्रमाणे तिने पिशवीतून टेप काढली.

"सर्वे?" थोरला हळूच म्हणाला.

"नाही. घरकाम," ती म्हणाली आणि टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

बाबांनी निळ्या रेघेच्या आतून पहिला घाव घातला. पस्तीस वर्षांचा रंग, थरावर थर, पापुद्र्यांसारखा खाली आला. दुसऱ्या घावाला वीट दिसली. धूळ उडाली, आत्या खोकली आणि सवयीने म्हणाली, "सगळ्यांनी नाकावर रुमाल धरा."

तेवढ्यात दारापुढच्या पायऱ्यांवरून हाक आली. टेलरबाईचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, दोन खोल्या ओलांडणं त्याला काहीच नव्हतं. "अहो, भर दुपारी काय ठोकताय?"

बाबा बाहेरच्या खोलीत आले आणि दारात उभे राहिले. केसांवर, भुवयांवर गिलाव्याची धूळ. टेलरबाई त्यांच्याच पायरीवर बसली होती, मांडीवर झगा, दातात सुई.

"खिडकी," ते म्हणाले.

तिने दातातली सुई काढली. "ठरली का एकदाची?"

"ठरली."

तिने सुई झग्यात खुपसून ठेवली. खडू तिचाच होता, दोन्ही रंगांचा.

"कुठली?" तिने विचारलं. "पांढरी की निळी?"

"निळी," बाबा म्हणाले. मग गुडघा धरून ते सावकाश खाली आले आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसले.